शिंप्यावर राज्य आलं त्याची गोष्ट

"सुट्टीत मुलांना घेऊन रानात खेळा" असा छापील कागद शाळेतून आला आणि शिंप्याची झोप उडाली. कागदावर नऊ खेळ होते. डोळे बांधून झाड ओळखा, काटक्यांचं घर बांधा, असं काय काय. पाचव्या खेळाखाली लेकीनं पेन्सिलीनं तीन रेघा मारल्या होत्या. तो होता झाडांमागची लपाछपी.

"रानात कशाला? घरात कपाटं काय कमी आहेत?" शिंपी म्हणाला.

"कपाटांत गिऱ्हाइकांच्या पिशव्या कोंबल्यात तुम्ही. रविवारी जायचं. ठरलं," बायको म्हणाली.

हा शिंपी तंबू आणि पिशव्या शिवायचा. हातात ही एवढी कात्री, पण काळीज सशाचं. लिफ्टमध्ये एकटा चढत नसे. तंबू शिवता शिवता जन्म गेला, पण तंबूत एक रात्र काढायची हिंमत झाली नाही. रविवारी त्यानं तंबूच्या जाड लाल दोऱ्याचं सगळ्यात मोठं रीळ पिशवीत टाकलं आणि रानाच्या फाटकाशी पोचताच दोऱ्याचं टोक खांबाला बांधलं.

"दोरा धरून आत जायचं, दोरा धरून बाहेर यायचं," तो लेकीला म्हणाला. "काहीही झालं तरी दोरा सोडायचा नाही. घे शपथ."

"शपथ," लेक म्हणाली. सात वर्षांची होती, पण शब्दाची पक्की.

पुढे लेक, मग बायको, मग रीळ सोडत शिंपी आणि सगळ्यात मागे त्याची आई अशी वरात निघाली. आई दुकानात काजं-बटणं करायची. जमिनीवर वीतभर दोरा दिसला तरी तो उचलून गुंडाळल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडत नसे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मोकळी जागा बघून खेळ सुरू झाला. राज्य अर्थातच शिंप्यावर आलं. आजी लिंबूटिंबू.

"शंभरपर्यंत मोजायचं हं बाबा. आणि चोरून बघायचं नाही!"

शिंप्यानं रीळ पायाशी ठेवलं, झाडाला कपाळ टेकलं आणि मोजायला लागला. साठाच्या आसपास कमरेपाशी काहीतरी चाचपल्यासारखं झालं. वळून बघायचा धीर होईना, म्हणून त्यानं डोळे आणखी घट्ट मिटले आणि एकसष्ट, बासष्ट चांगलं ओरडून म्हटलं.

शंभर झाले. डोळे उघडून बघतो तर पायाशी रीळ नाही आणि आल्या वाटेवर दोराही नाही! आई तेवढी एका ओंडक्यावर बसून पेंगत होती.

बायको लगेच सापडली, कारण तिला शिंक आली. लेक मात्र कुठेच दिसेना. या झाडामागे नाही, त्या झुडपात नाही.

"अगं ए! डाव संपला! ये बाहेर!"

ओ नाही की चू नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बायको हाका मारत झाडाझाडामागे बघत सुटली, आई मात्र ओंडक्यावर घोरतच होती. एवढीशी पोर, एवढं मोठं रान. कागद पाठवणाऱ्या शाळेला, हो म्हणणाऱ्या स्वतःला, सगळ्यांना त्यानं मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तेवढ्यात मागे पाचोळा सळसळला. शिंप्यानं मान वळवली. गवतातून लाल, बारीक, लांबलचक काहीतरी येत होतं.

तो थांबला. ते थांबलं. तो दोन पावलं सरकला. तेही सरकलं.

"साप! अगं, लाल साप! माझ्या पाळतीवर आहे!" असं किंचाळून शिंपी जो धूम पळाला, तो झाडांना वळसे घालत, बायकोभोवती दोन चकरा मारून एका मुळाला अडखळला आणि सपशेल आडवा झाला.

"अहो, उठा," बायको म्हणाली. दोऱ्याचे दोन वेढे तिच्याही पोटाला पडले होते. "तो साप तुमच्याच पट्ट्याला बांधलाय."

शिंप्यानं मागे हात घातला. पट्ट्यात दोऱ्याचा गुंडा खोचलेला होता आणि वर गाठ मारलेली होती. गुंड्यातून निघालेला दोरा झाडांमधून लांब कुठेतरी गेला होता. दोघं त्या दोऱ्यामागे जीव मुठीत धरून धावत सुटले.

दोरा थेट फाटकाशी, पहारेकऱ्याच्या खोलीत गेला. तिथे टेबलाखाली पेन्सिलीत रीळ अडकवून लेक बसली होती.

"बाबा, मी दोरा सोडला नाही!"

शिंपी तिथेच फतकल मारून बसला आणि तिला कवटाळून हमसून हमसून रडला. पहारेकऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

जरा वेळानं आई सावकाश येऊन पोचली. येताना तिनं वाटेवरचा दोरा गुंडाळून आणला होता.

"आई, खांबाची गाठ तू सोडलीस?"

"मग? एवढा चांगला दोरा रानभर सांडत निघालास. येता येता गुंडाळत आले."

"आणि माझ्या पट्ट्याला का बांधलास?"

"रीळ घेऊन पोरगी निघाली, तेव्हा दुसरं टोक तुला बांधलं. तिची मला काळजी नाही, ती वाट बघून चालते. तू डोळे मिटून पळतोस. हरवलास म्हणजे?"

"आई, मी बेचाळीस वर्षांचा आहे!"

"म्हणून तर दोन गाठी मारल्या."

शिंप्यानं गाठ सोडायचा प्रयत्न केला. पण आईनं लावलेलं बटण आजवर कुणाचं तुटलं नव्हतं, तिथे गाठ काय सुटणार! "कात्री आहे ना खिशात?" बायको म्हणाली. त्यानं कात्री काढली, रानाकडे एकदा बघितलं आणि परत खिशात ठेवली.

"राहू दे," तो म्हणाला. "घरी गेल्यावर बघू."