आर्विड झाड होतो

मार्लिसचं मनगट मोडलं ते खारीमुळे, पण आळ आला ग्रेव्हीवर. खार दिसताच त्या कुत्र्याने जी झेप घेतली, तिच्यामागे पट्टा गेला, पट्ट्यामागे मार्लिस गेली आणि हात प्लास्टरमध्ये गेला. "बास झालं!" दवाखान्यातून येता येता ती नवऱ्याला, आर्विडला, म्हणाली. "पुढच्या रविवारी हा कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत न ओढता चालला तर राहील. नाहीतर सोमवारी कुत्र्यांच्या शेल्टरला परत."

ग्रेव्ही आधीच दोन घरांतून परत आलेला. तिसऱ्यांदा गेला तर त्याला कोण नेणार? आणि खरं सांगायचं तर आर्विडलाच त्याच्याशिवाय करमलं नसतं. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून तो निवृत्त झाला, तेव्हापासून सकाळी त्याची वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतंच. मार्लिस नऊपर्यंत झोपायची.

तो मुकाट्याने कुत्र्यांच्या शिकवणीला गेला. कुणाला सांगितलं मात्र नाही. साठ पोरांची बस नुसत्या आरशातल्या नजरेने गप्प करणाऱ्याला एक कुत्रा आवरत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? शिकवणारी पोरगी त्याच्या नातीच्या वयाची होती.

"ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही," ती म्हणाली. "ओढलं की पुढे जायला मिळतं, एवढंच बिचारा शिकलाय. हट्टी नाहीये हो तो. त्याने ओढलं की तुम्ही जागच्या जागी थांबायचं. झाड व्हायचं! पट्टा सैल पडला की चीजचा तुकडा द्यायचा आणि निघायचं."

"पण किती वेळ थांबायचं?"

"झाडाला कुठे घाई असते, आजोबा?"

सोमवारी आर्विड झाड झाला. तीन घरं ओलांडायला पन्नास मिनिटं लागली, त्यातली वीस शेजारच्या व्हर्लिनच्या दारात गेली. ग्रेव्ही कुंपणाकडे ओढतोय आणि आर्विड समोर नजर लावून ढिम्म उभा. व्हर्लिन खिडकीतून बघत होता. आता, आमच्या मिनेसोटात कुणी कुणाला तोंडावर काही विचारत नाही. 'का रे बाबा उभा?' एवढं विचारलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण व्हर्लिनला वाटलं, मे उजाडला तरी आपल्या छपरावर नाताळची रोषणाई लटकतेय, तीच हा बघतोय. दुपारी शिडी लावून त्याने ती सगळी उतरवली.

मंगळवारी आर्विड पुन्हा तिथेच. व्हर्लिनने गवत कापलं. बुधवारी त्याने गॅरेजचं दार रंगवलं. गुरुवारीही आर्विड येऊन थांबला, तेव्हा मात्र व्हर्लिन घाबरला आणि शेजारच्या बेव्हकडे धावला.

"बेव्ह, आर्विडचं काही खरं नाही. चालता चालता थांबतो गं. कुठे निघालोय तेच विसरत असणार."

"अगंबाई! काल माझ्याही दारात उभा होता. मी म्हटलं, हवा छान पडलीये नाही? तर म्हणतो कसा, 'आत्ता बोलू नकोस, मी झाड आहे.'"

"बिचारी मार्लिस," बेव्ह म्हणाली आणि ओव्हन लावायला उठली.

शुक्रवारपर्यंत मार्लिसच्या फ्रिजमध्ये बटाटा-खिमा थापून भाजलेल्या हॉटडिशची तीन भांडी आणि लिंबाच्या वड्यांचा डबा जमा झाला. एका मनगटासाठी लोक केवढं करतात, म्हणून ती भारावून गेली. बेव्हने दारात तिचा चांगला हात धरून विचारलं, "झोप लागते ना गं त्याला?"

"आर्विडला? घोरतो की मेला!"

"किती धीराची गं तू," बेव्ह म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

रविवारी मार्लिस पायरीवर उभी राहून बघत होती. व्हर्लिनच्या घरापर्यंत ग्रेव्ही शहाण्यासारखा चालला, आणि नेमकी तिथेच मेपलखाली खार! ग्रेव्हीने ओढलं. आर्विड झाड झाला. ग्रेव्हीने मागे वळून पाहिलं, पट्टा सैल पडला, आर्विडचा हात चीजसाठी खिशात गेला आणि व्हर्लिनने त्याचं कोपर धरलं.

"चल आर्विड, घर इकडे आहे."

"सोड रे! मी झाड आहे!"

"हो हो, आहेस. चल, घरी जाऊन झाड हो."

"अरे, चर्चला निघालाय तो!" बेव्हने येऊन दुसरा हात धरला. "एवढं तरी आठवतंय, तर तिकडेच ने ना त्याला!"

एक घराकडे ओढतोय, दुसरी चर्चकडे. या ओढाताणीत पट्टा आर्विडच्या हातून सुटला. आता गेला, सगळं संपलं! ग्रेव्हीने खारीकडे पाहिलं, मग आर्विडकडे पाहिलं आणि तो त्याच्या पायाशी येऊन बसला. चीज अजून यायचं होतं ना.

मार्लिस सपाता फटफटवत आली. मग सगळा उलगडा झाला. व्हर्लिनने आपल्या नव्याने रंगवलेल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मार्लिसला इतकं हसू फुटलं, की प्लास्टर पोटाशी धरावं लागलं.

"पण चर्चपर्यंत गेलोच नाही आम्ही," आर्विड रडवेला होऊन म्हणाला. "आणि मघाशी एकदा ओढलंन् त्याने."

"तुम्हा सगळ्यांत कमी त्यानेच ओढलं," मार्लिस म्हणाली. तिने चांगल्या हाताने पट्टा उचलला आणि ती चर्चकडे निघाली. ग्रेव्ही तिच्या गुडघ्याला लागून चालला. पट्टा सैल लोंबत होता. "शेल्टरला फोन करायची काही गरज नाही आता!" ती पुढूनच ओरडली. आर्विडच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

चार पावलांवर मार्लिस थांबली. "आणि व्हर्लिन, तेवढं याला घरी पोचव हं. रस्ता विसरायचा."

व्हर्लिनने बिचाऱ्याने पुन्हा त्याचं कोपर धरलं.