गुडघ्याला अहो, माणसाला अरे

आंबवड्याचे गेनूतात्या माणसाला अरे-तुरे करत आणि त्याच्या गुडघ्याला अहो-जाहो. पाटील येवो, नाहीतर संस्थानचा कारकून, त्याला "बस रं हितं" एवढंच मिळे. मग तात्या धोतराला हात पुसत, समोरच्या सुजलेल्या गुडघ्यापुढे किंचित वाकत आणि विचारत, "काय म्हणताय? जिना चढून आलाय जणू." माणसाने उत्तर दिलेले त्यांना खपत नसे. "तुला इचारलं न्हाई. तू गप ऱ्हा. त्ये सांगतील."

एका जाड्या कारकुनाने एकदा आपला हुद्दा ऐकवला. तात्या म्हणाले, "हुद्दा ऱ्हाऊ दे तुज्यापाशी. ह्येंच्यावरचं वझं कमी कर. लई जड हायेस तू."

मला हा माणूस पाहण्याआधीच नापसंत होता. मी तेव्हा विशीतला, शाळेच्या पुस्तकांपेक्षा पत्रकांवर जास्त वाढलेला. कुठे वेठ आहे, कुठे जुलूम आहे, कुठे भोंदूपणा आहे, हे हुडकत फिरणे हाच माझा धंदा. आंबवड्याचे तात्या गुडघे चोळताना ओठातल्या ओठात मंत्र पुटपुटतात असे कानावर आले होते, आणि त्यांच्याविरुद्धचे माझे पत्रक अर्धे लिहूनही झाले होते. उरलेले अर्धे आत्यामुळे राहिले.

आई गेल्यावर मला वाढवले ते आत्याने. उत्रोलीच्या खाचरांत तिच्याइतकी भराभर भात लावणारी बाई नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे धरले. गेल्या लावणीला ती ओट्यावर बसून लांबून बायकांची गाणी ऐकत राहिली आणि त्या दिवशी जेवली नाही. "बसून खाणारी झाले," एवढेच म्हणाली. भोरच्या डॉक्टरांनी पिण्याचे औषध दिले आणि वय झाले म्हणून सांगितले. यंदाची लावणी दीड महिन्यावर आली तेव्हा तिने माझे मत विचारलेच नाही. शेजाऱ्याची बैलगाडी जुंपायला लावली आणि आंबवड्याला चला म्हणाली. अर्धे पत्रक खिशात घालून मीही गाडीत बसलो.

तात्यांनी तळहातावर करंजाचे तेल घेतले. आत्याच्या गुडघ्याची वाटी दोन बोटांत धरून ते ती जराशी इकडे, जराशी तिकडे सरकवू लागले. दुखणार म्हणून मिटून घेतलेले डोळे आत्याने हळूच उघडले. मग त्यांनी मांडीतला ताठा अंगठ्यांनी मोकळा केला, पिंढरी धरून पाय थोडा ओढला, थोडा वाकवला आणि तिथेच थांबले. ओठ हलत होतेच. मी पुढे झालो आणि कोणता मंत्र चालला आहे तो मोठ्याने म्हणा म्हणून खडसावले.

"मेंढरं मोजतोय," तात्या म्हणाले. "हाताला घाई लई असती. वीस मेंढरं पुढनं जाईपत्तूर त्यानं हितंच थांबायचं. तुज्यापायी चुकलो बघ. आता पयल्यापासनं."

आत्या हसली. किती दिवसांनी हसली ते मला मोजता आले नाही.

निदान खोटी आशा दाखवताना तरी पकडावे म्हणून मी विचारले, गुडघा पहिल्यासारखा होईल का? नाही, ते म्हणाले. झिजलेले परत उगवत नाही. दिवसभर चिखलात वाकणे संपले. पण आपण चोळत राहिलो आणि तिने घरी बाजेवर बसून रोज पाय उचलायचा सराव केला, तर बांधावर उभे राहून लावणाऱ्या बायकांना रोपांच्या मुठी देता येतील. पत्रकात घालण्याजोगे त्यात काहीच नव्हते.

आठवड्यातून दोनदा आमची गाडी जाऊ लागली. चोळून झाले की तात्या गुडघ्यांना विचारत, "निघू या का?" आणि गुडघ्यांची मर्जी होईपर्यंत वाट पाहत बसत. चौथ्या खेपेला आभाळ भरून आले होते, बैल खोळंबले होते. मला राहवले नाही. मी म्हणालो, "आत्या, ऊठ."

तात्यांचा चेहरा उतरला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ह्यो सबुद ह्या घरात न्हाई. आत जा. काकीकडनं पानी पिऊन ये."

आत चुलीपाशी पाटावर त्यांची बायको, सारजाकाकी, बसली होती. तांब्या द्यायला ती उठली नाही. दोन्ही हात जमिनीला टेकून पाटासकट पुढे सरकली. तिचे गुडघे वाकले होते तसेच राहिले. तात्या साऱ्या मुलखाचे गुडघे चोळतात आणि तुमचे कसे राहिले, असे माझ्या तोंडून गेलेच.

"तवा ह्ये मेंढरांमागं रानोमाळ असायचं," ती म्हणाली. "घरी आलं की पहाटं मला पान्याला धाडायचं. मी म्हनायची, गुडघं दुखत्यात. ह्येंना वाटायचं, टाळाटाळ करती. 'ऊठ' म्हनायचं. रोज आपलं, ऊठ. येक दिस मला उठताच आलं न्हाई." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मग इकली मेंढरं. भोरच्या तालमीत वस्तादापाशी तीन वरसं चोळायचा हात शिकलं. शिकून येऊस्तवर माजं आखडून गेलं हुतं."

म्हणजे रोज मोजली जाणारी ती मेंढरे कधीच दुसऱ्याची झाली होती.

आत्या तोवर गाडीत जाऊन बसली होती. वेशीपाशी आल्यावर तिची काठी राहिल्याचे ध्यानात आले, म्हणून मी एकटाच मागे गेलो. ओटा रिकामा होता. आत तात्या पाटासमोर उकिडवे बसले होते. गुडघ्यांकडे ते पाहत नव्हते. काकीच्या तोंडाकडे पाहत होते.

"अहो," ते म्हणाले, "निघू या का?"

बायकोला अहो म्हणणारा नवरा मी तोवर पाहिला नव्हता. स्त्रियांच्या हक्कांवरची माझी दोन पत्रके छापून झाली होती, तरीही नाही.

काकीने पदर सावरला. "कुठवर?"

"उंबऱ्यापत्तूर."

त्यांनी तिचे हात आपल्या गळ्यात घेतले. ओठ हलू लागले. काठी दाराशीच होती, पण ती न घेताच मी परत फिरलो.

लावणीच्या सकाळी बायका खाचरात उतरल्या. आत्या ओट्यावर खांबाशी बसली होती. मी तिच्यापुढे गेलो आणि तोंडाशी आलेला शब्द गिळला.

"निघू या का?"

तिने माझ्याकडे रोखून पाहिले. "गुडघ्याला इचारतोस, का मला?"

"तुम्हाला," मी म्हणालो.

आत्याने खांबाला हात लावला, आणि वीस मेंढरे जायला लागतील एवढ्या वेळाने ती आपली आपण उभी राहिली.