ललित बोरस्ते यांचे हार्दिक अभिनंदन

ललित बोरस्ते शर्यत पूर्ण करू शकला नाही, ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. कारण पुढे ती स्पष्ट करण्याचे त्याने केलेले सर्व प्रयत्न निष्फळ ठरले आणि त्यांपैकी दोन प्रयत्नांबद्दल तर त्याला पुरस्कार मिळाले.

हा ललित इंदिरानगरात ‘गोदाछाया’ सोसायटीत राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. चाळिशीच्या तोंडावर डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचा अहवाल वाचून नुसतीच मान हलवली, तेव्हा त्याने घरी येऊन लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची घोषणा केली. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, अंग वाळायच्या आत सायकल हाणायची आणि सायकल टेकवून लगेच पळत सुटायचं. आणि हे सगळं एकाच दिवसात, कुणी मागे लागलेलं नसताना. घोषणेपाठोपाठ हलकी सायकल आली, अंगाला चिकटणारे कपडे आले, मनगटावर घड्याळ आलं. घड्याळ त्याची झोप मोजू लागलं आणि त्या काळजीने त्याची झोप कमी झाली.

त्याची बायको तेजल कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. ती या भानगडीत पडली ती निव्वळ देखरेखीसाठी. पहिल्याच रविवारी ललित त्र्यंबक रोडने सायकल घेऊन गेला आणि मिसळीचे दोन रस्से जास्तीचे मागून परत आला. पुढच्या रविवारी तेजल सोबत निघाली. निफाडकडच्या माहेरच्या विहिरीत पाठीला डबा बांधून ती पोहायला शिकली होती. सायकल तिने कॉलेजच्या दिवसांतलीच काढली, तेल घातलं आणि चालवू लागली. वर्षभर दोघं पहाटे उठले, गंगापूर रोडला पळाले, कुत्र्यांनी पळवलं तेव्हा जास्त पळाले, आणि गेल्या हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावरच्या एका शर्यतीत उतरले.

समुद्रातून ललित बाहेर आला. सायकलही त्याने रडतखडत संपवली. पण पळताना एका शहाळेवाल्याच्या गाडीजवळ त्याच्या पोटरीत असा गोळा आला, की तो रस्त्याच्या कडेला बसला तो बसलाच. त्याच रस्त्यावर फेऱ्या मारायच्या होत्या. तेजल पुढची फेरी घेऊन तिथे आली आणि थांबली.

“काय झालं?”

“गोळा आलाय. तू जा.”

“नक्की?”

“अगं जा, वेळ जातोय!”

ती गेली. ललितला उचलून वैद्यकीय तंबूत नेलं. तिथे सलाइनकडे बघत तो संध्याकाळपर्यंत पडून राहिला. वर्षभराच्या पहाटा वाया गेल्याचं त्याला फार लागलं होतं. तेजल गळ्यात पदक घालून आली, त्याच्या पोटरीला तेल चोळू लागली, आणि त्याला वाटलं, जाऊ दे, निदान एकीचं तरी झालं.

दोघं नाशिकला परतले आणि द्वारका चौकातल्या गर्दीतून वाट काढत सोसायटीपाशी पोचले, तेव्हा फाटकावर फ्लेक्स लागलेला होता. तो सोसायटीचे चेअरमन गोटीराम अण्णा निमसे यांनी लावला होता. अण्णा हे भावी नगरसेवक आहेत. ही पदवी त्यांनी इतकी वर्षं निष्ठेने सांभाळली आहे, की ती आता त्यांच्या आडनावातच धरली जाते. फ्लेक्सवर सर्वांत मोठा चेहरा अर्थातच अण्णांचा होता. त्याखाली लग्नातल्या सुटातला ललित. त्याला सायकलवर बसवण्यासाठी दुसऱ्याच कुणाचं तरी चित्र वापरलं होतं, त्यामुळे कमरेखाली ललित गोरा आणि बराच दणकट झाला होता. ‘नाशिकचा पोलादी पुरुष! ललितभाऊ बोरस्ते यांचे हार्दिक अभिनंदन!’ आणि खाली कोपऱ्यात, उदबत्तीच्या जाहिरातीशेजारी, ‘सौ. तेजलवहिनींची मोलाची साथ.’

ललित त्याच पावली अण्णांकडे गेला.

“अण्णा, घोटाळा झालाय. शर्यत मी नाही, तेजलने पूर्ण केली.”

“मग? पदक घरात आलं ना?”

“आलं.”

“फ्लॅट कुणाच्या नावावर हाय?”

“दोघांच्या.”

“पण पहिलं नाव कुणाचं?”

“माझं.”

“झालं तर मग!” अण्णा म्हणाले. “सातबाऱ्याला जे पहिलं नाव, तेच फ्लेक्सला. उगं नवीन पद्धत कशाला पाडायची?”

रविवारी सोसायटीच्या सभागृहात सत्कार झाला. फोटोपुरतं म्हणून पदक तेजलच्या गळ्यातून काढून ललितच्या गळ्यात घालण्यात आलं. ललितला शाल, श्रीफळ आणि फेटा. तेजलची खणानारळाने ओटी भरण्यात आली आणि ‘ट्रायथलॉनवीराचा आहार कसा सांभाळता?’ असा प्रश्न विचारण्यात आला.

“तो त्याचा तोच सांभाळतो,” तेजल म्हणाली. “म्हणून तर वाढतो.”

सभागृह हसलं. मग ललितने माइक हातात घेतला. तपासणी खात्यातला माणूस. सदोष माल पुढे पाठवायची त्याला सवय नव्हती.

“मंडळी, मी शर्यत पूर्ण केलेली नाही. मी रस्त्यावर बसलो होतो. पूर्ण केली ती तेजलने.”

असा टाळ्यांचा कडकडाट झाला, की ललितला वाटलं, अखेर समजलं. पण महिला मंडळाच्या अध्यक्षा सविताताई डोळ्यांना पदर लावून उठल्या.

“आपलं सगळं यश बायकोच्या पदरात टाकणारा पुरुष आज प्रथमच बघितला,” त्या म्हणाल्या, आणि मंडळाचा ‘आदर्श पती’ पुरस्कार जागेवरच जाहीर झाला. पुरस्कारार्थीच्या पत्नीने पुरस्कारार्थीला ओवाळावं, असा रिवाज असल्याने तेजलने ओवाळलं.

“चेहरा असा का केलास?” ओवाळता ओवाळता तिने हळूच विचारलं.

“मी खरं बोलतोय आणि कुणी ऐकत नाहीये.”

“मला सवय आहे,” तेजल म्हणाली. “मी बारावीला शिकवते.”

तोंडी सांगून उपयोग नाही हे पाहून ललितने पुराव्याचा मार्ग धरला. शर्यतीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावापुढे असलेल्या ‘अपूर्ण’ या शेऱ्याचा फोटो काढून त्याने तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. प्रथम बऱ्याच जणांनी हात जोडले आणि फुलं पाठवली. मग एकाने फोटो मोठा करून वाचला. आणि त्यानंतर ज्या शंकेने सगळा ग्रुप पेटला, ती ललितच्या स्वप्नातही आली नव्हती. नवरा जर रस्त्यावर बसला होता, तर बायको पुढे गेलीच कशी?

दिंडोरीकडच्या गावाहून ललितची आई, आक्काबाई, पहिल्या एसटीने हजर झाली. पिशवी खाली ठेवायच्या आतच तिने सुनेला विचारलं, “माझं लेकरू रस्त्यात पडलं व्हतं, अन् तू पळत व्हतीस?”

“आई, मीच तिला जा म्हणालो,” ललित मधे पडला.

“तू म्हनशील रे. तू लय भोळा हाय. पन हिनं जायाचं का?”

प्रकरण नाजूक असल्याने सोसायटीने तथ्यशोधन उपसमिती नेमली. अध्यक्षस्थानी अण्णा, सदस्य सविताताई, आणि वडीलधाऱ्या म्हणून आक्काबाई. मुलाच्या बाजूची असल्याने आक्काबाई निःपक्षपाती राहील, असं गृहीत धरण्यात आलं. सुनावणी जिमखान्यात, कॅरमच्या टेबलाभोवती झाली.

“आपण पतीला सदर अवस्थेत पाहिलंत, हे खरं?” अण्णांनी विचारलं. अधिकृत कामाला बसलं की त्यांची भाषा शुद्ध होत असे.

“हो. थांबले, विचारलं.”

“तरीही पुढे गेलात?”

“शर्यत पुढे होती.”

“अहो, पण थांबला असतात, तर दोघं बरोबर आला असता,” सविताताई कळवळून म्हणाल्या.

“कशातून?” तेजलने विचारलं. “रुग्णवाहिकेतून?”

उपसमितीने या उत्तराची नोंद ‘उद्धट’ अशी केली. मात्र ललितच्या साक्षीने कामकाजाला वेगळंच वळण लागलं. तो पुनःपुन्हा सांगत राहिला, की ‘जा’ असं मी म्हणालो; तिचा काही दोष नाही. त्यावरून अण्णांनी निष्कर्ष काढला. पत्नी पुढे गेली ती पतीच्या परवानगीने. सबब, ती पोचली तीही पतीच्या परवानगीने. सबब, सदर शर्यत मूलतः पतीनेच पूर्ण केली असून त्यासाठी त्याने स्वतःच्या पोटरीचा त्याग केला. तेजलला समज देऊन निर्दोष सोडण्यात आलं आणि ललितला ‘त्यागमूर्ती’ ही पदवी देण्यात आली. फ्लेक्स बदलला. या वेळी त्याच्या डोक्यामागे किरणं होती.

असा प्रसंग पुन्हा कोणत्याही घरावर येऊ नये, म्हणून अण्णांनी ‘भव्य दांपत्य ट्रायथलॉन’ जाहीर केली. नियम सुटसुटीत होते. पतिपत्नीने जोडीने भाग घ्यावा. पत्नीने पतीच्या आधी अंतिम रेषा ओलांडू नये. ओलांडल्यास दोघंही बाद. जवळचा पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी रिकामा केलेला असल्याने पोहण्याचा टप्पा तलावाच्या कोरड्या तळावर, पोहण्याचे हातवारे करत, चालून पूर्ण करावा. बुडून दुर्घटना झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत.

“मी नाही उतरणार यात,” ललित म्हणाला.

“मी उतरणार,” तेजल म्हणाली. “पुढच्या शर्यतीआधी सराव होईल. आणि मला बघायचंय, हे लोक नेमकं काय करतात.”

जोडीशिवाय प्रवेश नसल्याने ललितलाही उतरावं लागलं. शर्यतीच्या दिवशी सोसायटीतली आणि आजूबाजूची चौदा-पंधरा जोडपी जमली. अण्णा आणि अण्णांच्या सौभाग्यवती उघड्या जीपमधून सर्वांच्या पुढे, मार्गदर्शनासाठी निघाले. कोरड्या तलावात सगळ्यांनी हात मारले. एकाचा चष्मा शेजाऱ्याच्या हाताने उडाला, त्याचीच काय ती दुखापत. सायकली पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन परत फिरल्या. परतीच्या वाटेवर एक नामांकित मिसळ लागते. बहुतेक पती तिथे पाणी पिण्यासाठी म्हणून थांबले.

पत्नी थांबल्या नाहीत. त्या पळून आल्या आणि अंतिम रेषेपाशी येऊन उभ्या राहिल्या. सर्वांत आधी तेजल, मग एकेक करत बाकीच्या. घामाने निथळणाऱ्या बायकांची रांग चुन्याने आखलेल्या त्या पांढऱ्या रेषेच्या अलीकडे उभी, आणि पलीकडे मांडवात पाहुणे, बँड, लाउडस्पीकर. निवेदक म्हणत होता, “आता कोणत्याही क्षणी विजेते येतील!” उन्ह चढलं. बँडवाल्यांनी पाच वेळा सलामी वाजवून बघितली. मांडवात बसलेली आक्काबाई अस्वस्थ झाली. शेवटी उठून सुनेपाशी गेली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

“अजून किती येळ उभं राहायचं गं तुमी?”

“तुमचा लेक येईपर्यंत,” तेजल म्हणाली.

लेक आला. मिसळीला तो थांबला नव्हता, एवढं त्याच्या बाजूने नमूद करायला हवं. पण अंतिम रेषा दिसू लागली आणि त्याच पोटरीत तोच गोळा आला. ललित मट्कन खाली बसला. समोर त्याला ती रांग दिसली. एवढ्या सगळ्या बायका, पोचलेल्या, आणि पोचू न दिलेल्या. आत्तापर्यंत मिळालेले दोन्ही पुरस्कार त्याच्या डोळ्यांसमोर आले आणि त्याला स्वतःचीच भयंकर चीड आली.

“जा!” तो ओरडला. “तेजल, जा! सगळ्याच जा!”

तेजलने रेषा ओलांडली. तिच्यामागे सगळी रांग घुसली. कुणीतरी बँडवाल्यांना खूण केली आणि त्यांनी दणक्यात सुरुवात केली. सविताताईसुद्धा रांगेत होत्या. त्या तर उडी मारून पलीकडे गेल्या आणि मग आपण काय केलं हे आठवून इकडेतिकडे बघू लागल्या.

नियमानुसार सर्व जोडपी बाद ठरली. उरली अण्णा आणि निमसेवहिनींची जोडी. जीपमध्ये अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी आणि वहिनी मागच्या सीटवर बसल्या असल्याने त्यांनी रेषा योग्य क्रमाने ओलांडली होती. प्रथम पारितोषिक अण्णांनी अण्णांच्याच हस्ते स्वीकारलं. आणि नाशिकच्या समस्त भगिनींना एका शब्दात पुढे जाऊ दिल्याबद्दल ललितभाऊ बोरस्ते यांचा नागरी सत्कार करण्याचं त्यांनी तिथेच जाहीर केलं.

दुपारी घरी ललित पाय बादलीत सोडून बसला होता. आक्काबाईने सुनेला आधी जेवायला वाढलं, मग त्याला. खिचडीला चमचा हवा म्हणून तो लंगडत ओट्याशी गेला. चमचे एका चकचकीत उभ्या पेल्यात ठेवलेले होते. गेले काही महिने तो रोज त्यातूनच चमचा काढत होता. आज पेला फिरला आणि त्यावरची अक्षरं समोर आली.

“हे काय आहे?”

“कोकणातला करंडक. बायकांमध्ये दुसरी आले होते,” तेजल म्हणाली. “तू तंबूत होतास.”

“तू मला सांगितलंच नाहीस!”

“तू विचारलंच नाहीस.”

ललित चमचा हातात धरून उभा राहिला. तेजल कितवी आली, हे त्याने, अण्णांनी, सविताताईंनी, आक्काबाईने आणि अवघ्या उपसमितीने आजवर एकदाही विचारलं नव्हतं. आपणही हे इथवर वाचलंत. ललितचं पुढे काय झालं, याची आपल्याला उत्सुकता होती, त्याच्या पोटरीचीही थोडीफार काळजी वाटली असेल. त्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन.