शुभेच्छा, जि. जळगाव

आमच्या शेजारच्या भिकननानांनी मला आजवर सत्तावीस ग्रीटिंग कार्डं दिलीत आणि त्यात वाढदिवसाचं एकही नाही. वाढदिवसाला काय, कुणीही देतं, असं त्यांचं म्हणणं. मला मिळालेली कार्डं अशी: उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्याबद्दल एक. डाव्या डोळ्याचा काढल्याबद्दल दुसरं, वेगळ्या रंगात. गच्चीवरची टाकी स्वतः उभं राहून धुवून घेतल्याबद्दल. कैरीच्या लोणच्याला बुरशी न आल्याबद्दल. आणि माझा मिक्सर जळाला तेव्हा काळ्या किनारीचं, सांत्वनपर.

सगळी हातानं केलेली. विकतचं कार्ड ते कार्ड मानत नाहीत.

कार्ड द्यायची पण रीत आहे. दार सताड उघडं असलं तरी नाना बेल वाजवणार. मग दोन्ही हातांनी कार्ड पुढे करणार आणि तिथंच उभे राहणार. तुम्ही ते उघडायचं, लांब धरून बघायचं, उजेडात तिरपं करायचं. नुसतं "छान आहे" म्हटलं तर मान हलवतात. "छान नको, अक्का. चूक सांगा." आणि खरोखर चूक सांगितली, तर तीन दिवस बोलत नाहीत. एकदा मी म्हटलं, गुलाबाचं एक पान जरा वाकडं वाटतंय. चौथ्या दिवशी येऊन म्हणाले, "तपासलं. पान बरोबर शे. तुमचा चष्मा तपासा."

नाना दीपनगरच्या वीजकेंद्रात होते. तिथं यंत्रावर काम चालू असलं की त्याला पाटी लटकवतात, 'काम चालू आहे, हात लावू नये'. त्या पाट्या लिहायच्या, भोक पाडायचं, दोरी ओवायची आणि लटकवायच्या, एवढंच काम त्यांनी बत्तीस वर्षं केलं आणि फार मन लावून केलं. रिटायर झाल्यावर जळगावला आमच्या शेजारी घर घेतलं. आमची त्यांची भिंत एक. अजूनही त्यांच्या प्रत्येक कार्डाला वरच्या कोपऱ्यात भोक असतं आणि भोकात दोरी. लटकवायची सोय म्हणून.

शिक्क्यांची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. कार्डावर मजकुराचा शिक्का मारायचा असतो. बाजारात मिळतात ते सगळे इंग्रजी. नानांना मराठी हवा होता. म्हणून ते गेले कोर्टाजवळच्या शिक्केवाल्याकडे. त्या माणसानं जन्मभर सरपंच, मुख्याध्यापक आणि सोसायटीचे चेअरमन यांचेच शिक्के केलेले. नानांनी सांगितलं, 'हार्दिक शुभेच्छा' असा करा. त्यानं केला. गोल. कडेनं दोन रेघा, दोन बाजूंना चांदण्या, मधे हार्दिक शुभेच्छा आणि खाली जि. जळगाव.

मी म्हटलं, "नाना, हे खाली जिल्ह्याचं नाव कशाला?"

"तो म्हणतो, त्याच्याशिवाय शिक्का ग्राह्य धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

यावर नानांनी विचार केला. "कुणीच," म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याच माणसाकडून 'जा.क्र.' आणि 'दि.' असे दोन छोटे शिक्के आणखी करून घेतले. माझ्या डाव्या डोळ्याचा जावक क्रमांक एकशे बारा.

आकार कापायला डाय असतात, म्हणजे पत्र्याचे साचे. शंकरपाळ्यांचं चाक असतं ना, तसली धार. कागदावर साचा ठेवायचा, दोन जाड पट्ट्यांमधे घालायचा आणि यंत्राच्या रुळांतून हँडल फिरवून पलीकडे काढायचा. यंत्र दिसतं उसाच्या चरकाच्या नातवासारखं. कर्र कर्र आवाज भिंतीतून आला की आमची सून म्हणते, "आई, कुणाचं तरी काहीतरी बरं झालंय." एका उन्हाळ्यात मला सुचलं, या चरकातून नागलीचे पापड लाटून निघाले तर किती बरं. मी विचारलं. नानांनी यंत्रावर रुमाल टाकला. रुमालावर पाटी लटकवली.

रंगांचे मार्कर मात्र त्यांचा जीव. एकाच हिरव्याच्या तीन कांड्या, फिक्की, मधली, गडद, प्रत्येकीवर नंबर. ओली आहे तोवर एकीतून दुसरी मिसळायची. टोपण लावताना टक् आवाज आला पाहिजे, नाहीतर शाई उडून जाते. रात्री झोपण्याआधी सगळी टोपणं पुन्हा दाबून बघतात. जळगावचा मे महिना आणि मार्करात स्पिरिट, त्यामुळे घरातला एकमेव कूलर मार्करांच्या खोलीत. नाना स्वतः पुढच्या खोलीत, ओला पंचा डोक्यावर घेऊन.

रंगांच्या नंबरांची इतकी सवय की माणसंही ते तशीच बघतात. एकदा दूध घेताना मला म्हणाले, "अक्का, आज तुम्ही दोन शेड खाली दिसता. बीपी बघून घ्या." मी हसले. पण बघितलं, आणि गोळी वाढवावी लागली. त्याचंही कार्ड आलं.

तर असे हे नाना. यंदा त्यांच्या हातून एक चूक झाली, आणि ती तिरप्या उजेडात धरून दिसणारी नव्हती.

त्यांची थोरली बहीण भडगावला असते. तिला ते जिजी म्हणतात. पंचाहत्तरीची, विधवा, मुला-सुनेजवळ राहते. आता आमच्या खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि लेक दिवाळीला आली नाही तर चालेल पण आखाजीला माहेरी यायलाच हवी. मी मूळची धुळ्याची, साठ वर्षांची होते तोवर माझा भाऊ मला न्यायला येत होता. लेकीनं आपल्या पायांनी जायचं नाही. माहेराहून कुणीतरी न्यायला यावं लागतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. नाना दर वर्षी जिजीला आणायला जायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मंडळी, आमच्या मंदावहिनी, गेल्या. त्यानंतरच्या दोन आखाज्या नाना गेले नाहीत. आणि यंदा त्यांनी जिजीला कार्ड पाठवलं.

एक महिना त्यावर काम चाललं होतं. कडुलिंबाचं झाड, पानं एकेक डायनं कापलेली, तीन हिरव्यांत रंगवलेली. फांदीला दोऱ्याचा झोका, आखाजीला माहेरी आलेल्या लेकी खेळतात तसा, आणि कार्ड हलवलं की झोका खरोखर हलायचा. झोक्यावर लुगड्यातली बाई. तिचं सगळं रंगवून झालं, चेहरा तेवढा कोरा. आठ दिवस कोरा. मी विचारलं तर म्हणाले, "जिजी आता किती शेड उतरली असेल, काही समजत नाही." शेवटी फिक्की शेड लावली, शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला आणि रजिस्टर्ड पोस्टानं धाडलं. मला वाटलं, वा. मलाही चूक दिसली नाही, हे कबूल करते.

चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते तेव्हा जिजीचा फोन आला. नाना फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. दोघं आपसात अहिराणी बोलतात, 'उना' म्हणजे आला.

"भिकन, कागद उना."

"उना का, जिजी?" नाना खुशीत. "झोका हालस ना?"

"झोका हालस. भाऊ हालत नही."

नानांनी हातातल्या मार्करला टोपण लावलं.

"मुऱ्हाळी म्हनीसन कागद धाडना तू," जिजी म्हणाली. "मंग मी बी मना फोटू धाडसू. त्याले पाटवर बसाड आनि पुरनपोयी वाढ." आणि फोन बंद.

विरजण तसंच ठेवून मी घरी आले.

दोन दिवस भिंतीतून कर्र आवाज नाही. सून म्हणाली, "आई, कुणाचंच काही बरं होईना वाटतं." तिसऱ्या दिवशी मी गेले. नाना मार्करांची टोपणं काढून घालत बसले होते. टक्. टक्.

"आखाजी परवावर आली," मी म्हटलं. "उठा. भडगावला जा."

"नाही जमायचं, अक्का."

"का? पाय मोडलेत?"

एक टोपण काढलं, पुन्हा घातलं. मग टोपणाकडे बघतच म्हणाले, "मी नुसता आणायला जायचो. पुढचं सगळं मंदा करायची. पुरण, सांजोऱ्या, जिजीचं न्हाणं, रात्रभर दोघींच्या गप्पा. आता घरात बाईमाणूस नाही. आणलं आणि जिजी आत येऊन म्हणाली, हे काय माहेर शे, तर? आखाजीलाच माहेर संपलं म्हणायचं. कार्डात निदान झाड शे, झोका शे."

तेव्हा मला कळलं की हा माणूस बहिणीला बोलवत नव्हता. घरी काही उरलं नाही हे तिला दिसू नये म्हणून महिनाभर पानं कापत होता.

म्हटलं, "मी येते बरोबर. चला."

पाचोऱ्यावरून भडगावची एस.टी. ऊन असं की खिडकीचा गज धरवेना. नाना मांडीवर रिकामी पिशवी घेऊन बसलेले. मी विचारलं, कार्ड घेतलंय का? नाही म्हणाले. इतकी वर्षं बघतेय, पण या माणसाला हात मोकळे असताना काय करायचं ते माहीत नाही हे मला तेव्हा दिसलं. तिकीट चार वेळा वाचलं त्यांनी.

जिजी ओट्यावर खाटेवर बसलेली. किडकिडीत, ताठ. नानांकडे बघितलंही नाही. मला म्हणाली, "हाई कोन?"

"मी शेजारीण यांची."

"बरं व्हयनं. भाऊले रस्ता सापडत नव्हता वाटस." मग त्यांच्याकडे वळली. "कसाले उना रे?"

बत्तीस वर्षं हा माणूस दोन ओळींच्या वर काही लिहीत नव्हता आणि बोलायचं तर नावच नको. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. मी पुढे होऊन बोलणार होते, पण जिजीनं माझ्याकडे असं बघितलं की मी खांबाला टेकले.

"लेवाले उनू, जिजी," नाना म्हणाले. न्यायला आलो, एवढंच.

"दोन साल कोठे व्हता?"

"घरमा कोनी नही आते."

"तू व्हता ना घरमा?"

"व्हतू."

"मंग?"

जिजी उठली, गुडघ्यावर हात देत आत गेली आणि दार लोटलं. आम्ही दोघं ओट्यावर. जिजीच्या सुनेनं पाणी आणून दिलं, नानांनी ते प्यायलं नाही. मला वाटलं, झालं, आता ती काही बाहेर येत नाही. पाऊण तासानं दार उघडलं. जिजी नवं लुगडं नेसून आली होती. आपली कपड्यांची पिशवी नानांच्या हातात दिली आणि त्यांच्याकडे न बघता पायऱ्या उतरू लागली.

जळगावला पोचेस्तोवर दिवस कलला. बसमधे दोघं एका बाकावर बसली होती, मी मागच्या. गल्लीत आलो. नानांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि उंबऱ्यातच थांबले. जिजीही पायरीखाली थांबली. मला आधी कळेना काय झालं. मग लक्षात आलं. लेक माहेरी आली की उंबऱ्यावर तिच्या पायांवर पाणी घालायचं असतं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा असतो. ते मंदावहिनी करायच्या. नाना तेव्हा मागे पिशवी घेऊन उभे असायचे.

मी धावत घरी गेले. सकाळची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी होती, ती घेतली, तांब्या भरला आणि पळत आले. म्हटलं सरका नाना, मी करते. मी पण कुणाची तरी बहीणच आहे.

"नको, अक्का," ते म्हणाले. "द्या इकडे. घरच्या माणसानं करायचं असतं."

भाकरी घेतली, तुकडा मोडला, उरलेली माझ्या हातात दिली. आणि हात वर नेऊन तिथंच थांबले. वीस-पंचवीस आखाज्या मागं उभं राहून बघितलेलं, पण कुठून कुठं ओवाळायचं ते ठाऊक नाही. "जिजी," हळूच म्हणाले, "कितला वेळा?"

"कितलाबी कर," जिजी म्हणाली. "पाय दुखतस."

त्यांनी सात वेळा ओवाळलं. तुकडा बाजूला टाकला. मग खाली वाकून पाणी घातलं, एका पायावर, मग दुसऱ्यावर, बोटांवरची धूळ निघेपर्यंत, आणि तांब्या रिकामा झाला तरी वाकलेलेच राहिले. जिजीनं त्यांच्या पाठीवर हात टेकला, आधाराला म्हणून, आणि उंबरा ओलांडला.

आत जाऊन तिनं विचारलं, "चहानी साखर कोठे शे रे?"

"तू बस," नाना म्हणाले. "मी करस."

मी घरी आले. उरलेली भाकरी माझ्या हातातच होती.