गडी तापलाय

शिवातात्या कुठल्याही वस्तूला सरळ हात लावत नसत. हाताची पालथी बाजू लावायचे, आई लेकराच्या कपाळाला लावते तशी. टीव्ही, मिक्सर, स्कूटरची टाकी, गणेशोत्सवातला लाऊडस्पीकर, सगळ्यांना हाच मान. हात टेकवून ते डोळे मिटायचे, थोडा वेळ कसलंतरी ऐकल्यासारखं करायचे आणि मग निकाल द्यायचे, "गडी तापलाय. गारवा द्या."

कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात ते आमच्या समोरच राहायचे. त्यांचं पंखेदुरुस्तीचं दुकान होतं. जन्मभर जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळण्यात गेलेला माणूस. "मोटार जळती म्हंजे काय? येळेत कुणी हात लावून बगितलं न्हाई, येवडंच," असं ते सांगायचे. माणसांनाही त्यांनी हाच नियम लावला होता. एकदा नळावर दोन शेजारणींचं जुंपलं, घागरी आपटायची वेळ आली. तात्या शांतपणे मधे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दोगीबी मोटारी जरा बंद करा बगू." दोघींनी मिळून तात्यांनाच झाडलं आणि भांडण मिटलं.

माझा स्वभाव तसा तिरसट. शाळेत भूगोल शिकवते, मुलं घाबरतात, आणि माझी वस्तू कुणी मागितली की माझ्या कपाळाला आठी पडते. तेव्हा मोबाइल हातोहाती झाले नव्हते आणि कॅमेऱ्याचा मोबाइल तर आमच्या बोळात माझ्या एकटीकडे होता. घेऊन महिनाही झाला नसेल. चैत्रातल्या एका सकाळी तात्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तुमचा गडी जरा पतंगाला बांधायचा हाय."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो निवांत पेपर वाचत होता. मग तात्यांची नजर माझ्या हातातल्या मोबाइलवर आहे हे लक्षात आलं. मी स्पष्ट नाही म्हणाले. तात्या रागावले नाहीत. पालथा हात मोबाइलला लावून म्हणाले, "थंड हाय. चांगला हाय गडी." आणि निघून गेले.

हे काय खूळ, ते मला सुमनकाकींनी सांगितलं. काकी म्हणजे तात्यांच्या बायको. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्या खाटेवर. खाट खिडकीशी होती, पण खिडकीतून शेजारच्या घराची भिंत तेवढी दिसायची. त्या दिवशी मी कैरीची डाळ घेऊन गेले होते. डाव्या हाताने चमचा धरून काकी म्हणाल्या, "माजीच जीभ नडली बगा."

त्यांचं माहेर कोडोलीचं. मळ्यात आंब्याचं एक झाड होतं. लहानपणी काकी त्याच्या शेंड्यावर चढून बसायच्या. तिथून सगळा गाव दिसायचा. उसाचे फड, गुऱ्हाळाचा धूर, कौलांवर वाळत घातलेल्या मिरच्या, लांबवर वारणेची चकाकणारी रेघ. खाली आई हाका मारून थकायची आणि ह्या वर वाऱ्यात डोलत बसायच्या. आता भावाला तिथं घर बांधायचं होतं. यंदाचे आंबे उतरले की झाडही उतरवायचं ठरलं होतं.

"मी आपली सहज बोलून गेलो, त्या शेंड्यावरनं एकदा बगाय पायजे हुतं म्हणून. तवापास्नं ह्यो मानूस पतंग करत बसलाय."

काकी हसत होत्या. हसताना त्यांचं अर्धंच तोंड हसायचं आणि त्या पदराने ते झाकून घ्यायच्या. घरी जाऊन मी मोबाइल उचलला आणि तात्यांच्या दुकानात नेऊन दिला. "फुटला तर बघा," असं दटावायला मात्र विसरले नाही.

पतंग झकास झाला होता. जुन्या छत्र्यांचं काळं कापड, बांबूच्या कामट्या, आकाराने दारापेक्षा मोठा. दोराही मजबूत होता. अडचण एकच होती आणि ती तात्यांच्या लाडक्या विषयातलीच निघाली. आमच्याकडे उन्हाळ्यात वारा सुटतो तो दुपारी, ऊन डोक्यावर आल्यावर. सकाळी पतंग उठेना आणि दुपारी मोबाइल टिकेना. गच्चीवरून वर गेला की थोड्याच वेळात तो तापून बंद पडायचा. खाली उतरवून पाहावं तर तव्यावरच्या भाकरीसारखा चटका बसायचा.

मग उपचार सुरू झाले. पहिल्यांदा त्याला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं. आत भट्टीच झाली. मग फ्रीजमध्ये ठेवून गारेगार करून वर सोडला, तर बाहेर काढताच त्याला घाम फुटला. कॅमेऱ्याची काच धुरकट झाली आणि चित्रात सगळं कोल्हापूर धुक्यात बुडालं. तात्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन ते धुकं बघितलं. "महाबळेश्वर झालं की ओ," एवढंच म्हणाले.

कळस झाला तो पुढच्या आठवड्यात. तात्या देवळात गेले होते. उन्हाळ्यात देवाला गारवा मिळावा म्हणून चंदनाची उटी लावतात, ती बघून त्यांना साक्षात्कार झाला. घरी येऊन त्यांनी सहाणेवर चंदन उगाळलं आणि माझ्या मोबाइलला चहूबाजूंनी लेप दिला. पुढे कितीतरी दिवस मुख्याध्यापकांचा आवाज मला विहिरीच्या तळातून ऐकू येत होता. स्टाफरूममध्ये मी मोबाइल काढला की चंदनाचा वास सुटायचा आणि ह्या बाई रोज कुठली पूजा करून येतात, असं बाकीच्या शिक्षिका एकमेकींना विचारायच्या. मी तात्यांवर खूप भडकले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, सुई घेऊन बसले आणि मोबाइलच्या बारीक भोकांतलं चंदन कोरत राहिले.

"द्येवाला चालतंय म्हणून केलं, बाई," ते म्हणाले. "पर द्येव कुटं बोलतोय."

उटी फसली तेव्हा तात्या जरा जमिनीवर आले. चार्जिंगवरून काढल्या काढल्या मोबाइल वर सोडायचा नाही हे त्यांना उमगलं. "जेवान झाल्या झाल्या कुणी पळतंय व्हय?" त्यांनी थर्माकोलची हलकी पेटी केली, तिला वारं खेळायला भोकं पाडली आणि वरून पांढऱ्या कापडाचं छत दिलं. पाण्याचा थेंबही नको, नुसती सावली आणि वारा. गच्चीवर आता गडी बऱ्यापैकी टिकू लागला. पण एव्हाना वैशाख लागला होता आणि कोडोलीहून निरोप आला होता, आंबे उतरायला घेतलेत.

आम्ही एसटीने गेलो. तात्यांच्या मांडीवर पेटी, माझ्या मांडीवर पतंगाची गुंडाळी. झाड अजून उभं होतं. खाली आंब्याच्या पाट्या भरून ठेवल्या होत्या आणि बुंध्याला टेकून कुऱ्हाडी तयार होत्या. काकींचे भाऊ म्हणाले, "दाजी, दुपारपत्तूर थांबतो. गडी रोजानं आल्यात."

दुपार झाली. सगळा मळा ऊन पिऊन झिंगल्यासारखा गप्प झाला. लांबच्या बांधांवर हवा पाण्यासारखी हलत होती. मग उसाची पानं सळसळली आणि पतंग उठला. काळा पतंग वर वर जात लहान झाला, त्याच्याखाली पांढरा ठिपका डोलू लागला. मला क्षणभर वाटलं, वर परकर-पोलक्यातली एक मुलगी बसली आहे आणि खाली कुणी कितीही हाका मारल्या तरी ती आता उतरणार नाही. भूगोलाच्या बाईला असं काही वाटू नये, पण वाटलं.

पहिल्यांदा खाली उतरवला तर मोबाइल बंद. काहीच उमटलं नव्हतं. तात्यांनी पालथा हात लावला. मी म्हटलं, पाणी मारू का? "न्हाई, न्हाई. दम खाऊ द्या त्येला." डोक्यावरचा पंचा सोडून त्यांनी तो पेटीवर दुहेरी पांघरला. मग त्या आंब्याच्या सावलीत मोबाइल मांडीवर घेऊन बसले आणि हातपंख्याने सावकाश वारा घालू लागले. हजारो पंखे फिरते केलेला माणूस हाताने पंखा हलवत होता. कामाची माणसं बघत होती, पण कुणी हसलं नाही.

दुसऱ्या खेपेला तात्या दोरा धरून उन्हात कितीतरी वेळ उभे राहिले. पंचा पेटीवरच वर गेला होता, डोकं उघडंच होतं.

संध्याकाळी आम्ही परतलो. काकींच्या उशीशी बसून मी चित्र लावलं. इवलासा पडदा. आधी नुसतं आभाळ गरगरलं. मग कौलं दिसली. उसाचे फड हिरव्या चौकोनांसारखे डोलत गेले आणि एका कडेला, अगदी जराशी, वारणा चकाकली. "ती बगा!" काकी म्हणाल्या. "गुऱ्हाळ कुटं गेलं? हां, पडलं असंल." त्या काही बोलत होत्या, काही नुसतंच बघत होत्या. त्यांनी तोंड पदराने झाकायचं सोडून दिलं होतं.

शेवटी पतंग उतरताना आंब्याचा शेंडा आला, आणि फांद्यांच्या पलीकडे भर उन्हात एक माणूस. आधी नुसतं टक्कल दिसलं आणि दोरा धरलेले दोन हात. मग मान वर करून तो थेट आमच्याकडे बघू लागला.

"परत लावा," काकी म्हणाल्या.

मी सुरुवातीपासून लावू लागले. त्यांनी मान हलवली. "गाव बगितला. ह्येवडंच लावा."

मी तेवढंच लावलं. एकदा, पुन्हा एकदा. तात्या अवघडून दाराशी उभे होते. चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते. काकींनी त्यांना खुणेने खाली वाकायला लावलं, चालता तो डावा हात कष्टाने उचलला आणि त्याची पालथी बाजू तात्यांच्या कपाळाला लावली. डोळे मिटून थोडा वेळ तशाच राहिल्या.

"गडी तापलाय, बाई," त्या म्हणाल्या. "जरा गारवा द्या."

मी खुंटीवरचा हातपंखा काढला.