मंजुरीसाठी सादर

कर्नल जगदाळे दारावरच्या भाजीवाल्याशीसुद्धा मुद्द्यांना क्रमांक देऊन बोलतात.

"पहला मुद्दा, टमाटर. पहला मुद्दा क, कल वाले नरम थे. पहला मुद्दा ख, आज दबा-दबाकर मत दिखाओ, दबाने से ही नरम होते हैं. दूसरा मुद्दा, धनिया." हे सगळं झालं की गाडीला टेकून उभ्या असलेल्या त्या माणसाकडे रोखून बघत शेवटचा प्रश्न, "कोई शक?" फौजेत म्हणे धडा संपला की उस्ताद असंच विचारतो. भाजीवाल्याला आजवर कधी शक आलेला नाही. तो जुडी पिशवीत कोंबतो आणि पुढच्या फाटकाकडे सटकतो.

लखनौच्या कॅन्टला लागून असलेल्या आमच्या कॉलनीत मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक माझं. मी इथल्या एका संशोधन संस्थेत उभी हयात शेवाळाचा अभ्यास करण्यात घालवली. न हलणाऱ्या, न बोलणाऱ्या सजीवांची मला सवय आहे. कर्नलसाहेब त्या मानाने फारच हलतात आणि फारच बोलतात. मूळचे साताऱ्याकडचे. वहिनी होत्या तेव्हा "अहो, पुरे" एवढं म्हणाल्या की चौथ्या मुद्द्यावर गाडी थांबायची. त्या गेल्या आणि ब्रेकच गेला. मुलगी बंगळुरूला असते. ती फोनवर "हाँ पापा, ठीक है पापा" करते, आणि कर्नलसाहेब तिला मराठीतून सातवा मुद्दा सांगत असतात.

गेल्या वर्षी दशहरी आंब्याच्या दिवसांत ते एका सकाळी फाइल घेऊन माझ्याकडे आले.

"ताई, आधी उद्देश सांगतो," ते म्हणाले. "आम्हाला ब्लॉग शिकायचाय. चालू घडामोडींवर."

मी माझ्या बाल्कनीतल्या झाडांवर एक लहानसा ब्लॉग लिहिते. वाचक बेताचेच. पण कॉलनीत एवढ्या भांडवलावरही माणूस तज्ज्ञ ठरतो. आम्हाला म्हणजे कुणाला, असं मी विचारलं. एक ते स्वतः. दुसरे विंग कमांडर तिवारी. हे निवृत्तीनंतर मुद्दाम विमानतळाजवळ, सरोजिनी नगरात राहायला गेले, कारण डोक्यावरून विमान गेल्याशिवाय त्यांना करमत नाही. बोलता बोलता आवाज आला की हात वर करून थांबतात, विमान कुठलं ते सांगतात आणि वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे नेतात. तिसरे ब्रिगेडियर माथुर, कर्नलसाहेबांचे एके काळचे कमांडिंग ऑफिसर. वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम कॅन्टच्या दुसऱ्या टोकाला. देशाला मार्गदर्शनाची गरज आहे यावर तिघांचं एकमत होतं. कुठल्या दिशेने, यावर मात्र तिघांची चार मतं होती.

"ब्रिगेडियरसाहेब क्लासला येणार नाहीत," कर्नलसाहेबांनी बजावलं. "साहेब मंजुरी देतील." मोठा हुद्दा म्हणजे न शिकण्याचा हक्क असावा, असं मी मनात म्हटलं.

वर्ग माझ्या जेवणाच्या टेबलावर भरायचा. कर्नलसाहेब वेळेच्या आधी येऊन फाटकापाशी उभे राहायचे आणि काटा जागेवर आला की घंटी वाजवायचे. तिवारी सावकाश उगवायचे. हवाईदलातही शिस्त असते, पण ती जमिनीपासून बरीच वर असते, असं कर्नलसाहेबांचं मत. ते टायपिंग एका बोटाने करत. अक्षर दाबायचं, ते पडद्यावर उमटलं याची खात्री करायची, मग पुढचं. तिवारी दहा बोटांनी करत आणि दहापट चुका करत.

ब्लॉगला नाव काय द्यायचं यावर पुष्कळ काथ्याकूट झाला. "सामयिक घटनाक्रम: एक मूल्यांकन" हा कर्नलसाहेबांचा प्रस्ताव होता. शेवटी तिवारींचं "चाय के बाद" पास झालं. मग पासवर्डचा घोळ. कर्नलसाहेबांनी तो दर आठवड्याला बदलायचा नियम काढला. बरं, नवा पासवर्ड फोनवर सांगायचा नाही, लिहून द्यायचा नाही, समोरासमोर कानात सांगायचा. तिवारींना लेखातला एक स्वल्पविराम हलवायचा असला तरी सरोजिनी नगरहून स्कूटर हाणत यावं लागे. दोन वयस्कर माणसं फाटकात उभी राहून एकमेकांच्या कानात कुजबुजताहेत, हे दृश्य कॉलनीने इतक्यांदा पाहिलं, की समोरच्या मिश्राबाईंनी मला हळूच विचारलं, कुठे युद्धबिद्ध व्हायचं आहे का.

लेखांचं तर विचारूच नका. प्रत्येक लेख "उद्देश" या मथळ्याने सुरू व्हायचा. मग पार्श्वभूमी, मग सद्यःस्थिती, मग आपलं बळ आणि विरोधकाचं बळ. शहरातल्या माकडांच्या उच्छादावरच्या लेखात विरोधकाची अंदाजे संख्या, हालचालीच्या वेळा आणि माघारीच्या वाटा दिल्या होत्या. वाचणारा माकडांच्या बाजूचा व्हावा इतका तो लेख निःपक्षपाती होता.

आणि मग मंजुरी. लेख कुणीही लिहो, तो छापून, फाइलीत लावून, वर "मंजुरीसाठी सादर" अशी चिठ्ठी डकवून ब्रिगेडियरसाहेबांकडे जायचा. कर्नलसाहेब रोज संध्याकाळी स्वतः घेऊन जायचे. ब्रिगेडियरसाहेब चुका काढायचे. दुरुस्त लेख दुसऱ्या दिवशी परत जायचा, तर त्यात नव्या चुका निघायच्या. पावसात तुंबलेल्या रस्त्यांवरचा लेख निघाला तेव्हा लोकांनी रजया उन्हात टाकल्या होत्या. दसऱ्याच्या वाहतूककोंडीवरचा लेख दिवाळीचे दिवे उतरवल्यावर आला. चालू घडामोडींचा हा ब्लॉग इतिहासाच्या विद्यार्थ्यांना जास्त उपयोगी पडेल, असं मी एकदा बोलून दाखवलं. कर्नलसाहेबांनी "नोंद घेतली" म्हणून विषय संपवला.

एकदा कानपूरच्या कुण्या वाचकाने माकडांच्या लेखाखाली "सही कहा अंकल" असं लिहिलं. पहिलाच प्रतिसाद. लगेच बैठक बसली. तिघांपैकी अंकल नेमका कोण, यावर चर्चा झाली. उत्तराचा मसुदा तयार झाला, तो मंजुरीला गेला, परत आला, पुन्हा गेला. "धन्यवाद" हा एक शब्द त्या बिचाऱ्याला मिळाला तोवर तो माकडं विसरून गेला असणार.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण थंडी पडली आणि तिवारींनी धुक्यावर लेख लिहिला. त्यांनी आयुष्यभर मालवाहू विमानं चालवली. धुक्यात उतरायचं की नाही हे ठरवताना वैमानिकाच्या पोटात काय होतं, प्रवाशाने विमानतळावर उगाच का भांडू नये, हे त्यांनी इतकं साधं आणि सुरेख लिहिलं होतं, की मी ते दोनदा वाचलं. "चाय के बाद"मधला तो पहिला खरा लेख. तो धुकं आहे तोवर निघायला हवा होता, आणि तो अडकला मंजुरीत. रोज सकाळी तिवारी खिडकीतून धुकं बघत आणि फोन करून विचारत. रोज उत्तर एकच, साहेबांनी दोन ठिकाणी खूण केली आहे.

एका दुपारी माझ्या टेबलापाशी तिवारी शांतपणे म्हणाले, "या तो अप्रूवल जाएगा, या मैं. अकेले लिख लूँगा."

कर्नलसाहेब काहीतरी क्रमांकवार ठणकावतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी नुसतंच म्हटलं, "ऐसा मत करो यार." तिवारींनी स्कूटरची किल्ली उचलली आणि ते गेले. ब्लॉग हा कर्नलसाहेबांचा जीव की प्राण होता, हे मला ठाऊक होतं. तिवारी गेले तर तो बंद पडणार हे उघड होतं. तरी मंजुरी सोडायला हा माणूस तयार नव्हता, आणि का ते सांगतही नव्हता. थोड्या वेळाने ते म्हणाले, ताई, संध्याकाळी साहेबांकडे चला, तुम्हीच बोला.

त्यांची जुनी मारुती धुक्यातून पायी चालल्यासारखी चालली होती. कॅन्टचे रस्ते एरवीही शांत, त्या दिवशी तर पुढची झाडंसुद्धा दिसत नव्हती. समोर नजर ठेवूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"ताई, हे तिवारीला माहीत नाही, कॉलनीत कुणालाच नाही. साहेबांची नजर गेलीय. चेहरे ओळखू येत नाहीत, अक्षर तर लांबच. पण कबूल करायचे नाहीत. त्यांच्या मॅडम पेपर वाचून दाखवायला बसल्या तर म्हणाले, मी आजारी नाही. आता मंजुरी द्यायची म्हणजे ऑफिसरला सगळी पार्श्वभूमी माहीत पाहिजे, का नको? मग मी लेखाच्या आधी अख्खा पेपर वाचतो. ड्यूटी आहे म्हणून ऐकून घेतात."

सहा महिने मी ज्या गोष्टीची यथेच्छ टिंगल केली ती गोष्ट ही होती. मला त्या क्षणी हा तिरसट, क्रमांकवाला माणूस फार आवडला, आणि तिवारींचं काय करायचं ते मात्र आणखीच कळेना.

ब्रिगेडियर माथुर हिटरजवळ, शाल पांघरून, ताठ बसले होते. चष्मा डोळ्यांवर होता, पण कप उचलताना बोटं आधी बशीच्या कडेवरून फिरली. मिसेस माथुरांनी चहाबरोबर मठरी ठेवली आणि त्या आत गेल्या. कर्नलसाहेबांनी घसा साफ केला. "सर, पहले पृष्ठभूमि." मग त्यांनी पिशवीतून त्या दिवसाचा पेपर काढला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. वाचन कसलं, कवायतीचे हुकूमच. अग्रलेखही त्याच आवाजात, निधनवार्ताही त्याच आवाजात, गाजराचे भावही त्याच आवाजात. ब्रिगेडियरसाहेब डोळे मिटून ऐकत होते. मधेच "फिर से पढ़ो" म्हणत, आणि कर्नलसाहेब आनंदाने तीच बातमी पुन्हा गरजत.

क्रीडापान संपतंय तोच आतून मिसेस माथुरांनी हाक मारली. इन्व्हर्टर सारखा शीळ घालत होता. कर्नलसाहेब पेपर घडी करून उठले. ते मागच्या व्हरांड्यात पोचल्याचा आवाज आल्यावर मी धीर केला. तिवारी ब्लॉग सोडून निघाले आहेत, मंजुरी जरा लवकर देता आली तर बरं होईल, असं मी जमेल तेवढ्या अदबीने सांगितलं.

ब्रिगेडियरसाहेबांनी शालीच्या आतून फोन काढला आणि माझ्या दिशेने धरला.

"पोती ने इसमें डाल दिया है," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सुबह की चाय तक पूरा अख़बार सुना देता है. बड़ी मीठी आवाज़ है, जगदाळे जैसी नहीं."

म्हणजे संध्याकाळी कर्नलसाहेब वाचतात ते सगळं यांनी सकाळीच ऐकलेलं असतं. माझ्या तोंडावर काय उमटलं ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं, पण माझा कप बशीवर वाजला तो त्यांनी ऐकला असावा.

"उसकी बीवी के जाने के बाद वो महीनों घर से नहीं निकला," ते म्हणाले. "फिर ये ब्लॉग आया. अब रोज़ आता है, घंटा-डेढ़ घंटा बोल लेता है. एक ही दिन में पास कर दूँ, तो कल किस काम से आएगा?"

मी मठरी उचलली आणि खाली ठेवली. मग डोकं जरा चाललं, आणि मी एक सुचवलं. तिवारींचा लेख आज पास करा, सर. कर्नलसाहेबांचे स्वतःचे लेख मात्र हवे तितके दिवस ठेवून घ्या. ब्रिगेडियरसाहेब हसले. आवाज न करता, खांदे हलवून बराच वेळ हसले.

कर्नलसाहेब हात पुसत परत आले. इन्व्हर्टरचं पाणी संपलं होतं, ते त्यांनी भरलं होतं. धुक्याचा लेख वाचून झाला. ब्रिगेडियरसाहेबांनी मान हलवली आणि "स्वीकृत" म्हणाले. कर्नलसाहेब दचकून कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचा, ई-रिक्षांवरचा लेख काढला. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात ब्रिगेडियरसाहेब थांबले. उद्देश स्पष्ट नाही. पार्श्वभूमी अपुरी. ई-रिक्षांचं वर्गीकरण कुठे आहे? पुन्हा लिहून आणा.

परतताना मी गाडीतूनच तिवारींना फोन लावला आणि लेख पास झाल्याचं सांगितलं. का झाला ते सांगितलं नाही. ते क्षणभर थांबले, बहुधा वरून विमान जात असावं, आणि म्हणाले, "चलो, ठीक है. अगला किस पर लिखें?"

धुकं आणखी दाट झालं होतं. कर्नलसाहेब काचेवर नाक टेकेल इतके पुढे वाकून गाडी चालवत होते.

"तिवारीचं बघा, एका दमात पास," ते कुरकुरले. "आणि मला वर्गीकरण मागतात. उद्या परत जाणं आलं. परवा पण."

रोज एवढ्या थंडीत जायचा कंटाळा नाही का येत, असं मी विचारलं.

"कंटाळा येऊन कसं चालेल, ताई?" ते म्हणाले. "मी नाही गेलो तर त्या माणसाला दुसरं आहे कोण?"

खरं आहे, असं म्हणून मी काचेवरचं दव पुसायला घेतलं.