एका बोटाची फट

मेश्राम सरांच्या खिशात पेन नसलं तरी चालेल, लिंबू असायलाच हवं. खायला नव्हे. वाटेत अनोळखी दगड दिसला की सर उकिडवे बसतात, त्यावर दोन थेंब पिळतात आणि कान लावून ऐकतात. बुडबुडे आले की दगड चुनखडीचा. आमच्या व्याह्यांच्या नव्या घराच्या जेवणाला सर माझ्यासोबत आले होते. व्याह्यांनी संगमरवराचं कौतुक सुरू केलं, तशी सरांनी ताटातली लिंबाची फोड उचलून थेट फरशीवर पिळली आणि माल असली असल्याचं सर्वांदेखत जाहीर केलं. डाग अजून आहे. व्याही त्यावर कुंडी ठेवतात.

गोंडपिपरीच्या शाळेत सर भूगोल शिकवायचे आणि मी मराठी. घरंही शेजारी. आता दोघंही निवृत्त झालो, पण सरांचा तास काही सुटलेला नाही. बसमध्ये त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला राजुरा येईपर्यंत गुहा कशी होते ते ऐकावंच लागतं. पावसाचं पाणी हवेतून आणि कुजलेल्या पाल्यातून झिरपताना किंचित आंबट होतं, चुनखडकाच्या भेगेत शिरतं आणि दगड विरघळवत जातं. भेगेचं भगदाड होतं, भगदाडाची गुहा. कुठे छत खचून भर शेतात खड्डा पडतो, कुठे चांगला वाहता नाला जमिनीत गडप होतो. मग तेच पाणी गुहेच्या छताला थेंब होऊन लटकतं आणि पडण्याआधी नखाला लागणार नाही एवढा चुना तिथे ठेवून जातं. ऐकणारा चुळबुळ करू लागला की सर म्हणणार, "घाई कोनाले हाय?" एकदा या नादात ते स्वतःच राजुऱ्याला उतरायचे राहिले.

सरांना हे वेड लावलं त्यांच्या बायकोने. विमलबाईंचं माहेर जिवतीकडच्या डोंगराच्या पायथ्याशी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावई आले, तेव्हा त्यांनी नवऱ्याला जवळची गुहा दाखवली. आत छतातून एक दगडी सुळका लोंबतो आणि बरोबर त्याच्याखाली जमिनीतून दुसरा वर आलेला. दोघांच्या टोकांमध्ये थोडी फट. सरांनी त्यात आपलं पहिलं बोट आडवं घातलं, ते नेमकं बसलं. हे भेटतील कधी, असं विमलबाईंनी विचारलं. त्यावर भूगोलाच्या या पदवीधराने आयुष्यातलं एकमेव अशास्त्रीय विधान केलं, "आपल्यासमोरच भेटतीन."

तेव्हापासून दरवर्षी दिवाळी झाली की माप. बरेचदा मीही जायचो. गुहेच्या तोंडाशी बसून खाल्लेल्या विमलबाईंच्या भाकरी आणि जवसाची चटणी आठवली की आजही जीव तिकडे ओढ घेतो. आत कुणी कशाला शिवायचं नाही, हाताचं तेल लागलं की तिथे चुना धरत नाही, असा सरांचा दंडक होता. सवलत फक्त त्यांच्या बोटाला, तीही ते राखेने घासून पुसल्यावर. मी एकदा शाळेतली मोजपट्टी पुढे केली तर भडकले. पहिल्या दिवशी जे माप धरलं तेच शेवटपर्यंत, माप बदललं की शास्त्र बुडालं. फट अर्थातच तसूभर हलायची नाही. एवढ्याला शेकडो वर्षं लागतील, असं ते मला सांगायचे. बाहेर उभ्या विमलबाईंनी "किती राह्यलं?" विचारलं, की म्हणायचे, "बोटभरच."

मग विमलबाईंची उजवी बाजू लुळी पडली आणि गुहा सुटली. त्यांना न्हाऊ घालणं, भरवणं, वेणी घालणं सगळं सर करायचे. कुणी सुचवलं तरी बाई ठेवली नाही. काही वर्षं अशी गेली. यंदा दिवाळीनंतर विमलबाईंनीच हट्ट धरला, आपल्या बहिणीला बोलावून घेतलं आणि सरांना माझ्यासोबत घराबाहेर काढलं.

गुहेत सरांनी बोट घातलं आणि ते सैल राहिलं. वर-खाली हललं. त्यांनी पुन्हा पुसून घातलं, तरी तेच. सर तिथल्या तिथे खाली बसले. वर डोंगरावरचं जंगल विरळ झालं, पाण्याचा गुण बदलला, आता पाणी चुना ठेवायच्या ऐवजी घेऊन चाललंय, असं काहीसं पुटपुटत राहिले. त्यांचा चेहरा मला पाहवेना. परतताना बसमध्ये शेजारच्याने आपण होऊन डोंगराबद्दल विचारलं, तरी सर बोलले नाहीत. घराजवळ आल्यावर फक्त एवढं म्हणाले, "तिले काय सांगू?"

खाटेवरून विमलबाईंनी विचारलंच, किती राह्यलं. सर खाली मान घालून म्हणाले, "वाढली वो फट. माह्यं बोट हलते तिच्यात."

विमलबाईंनी डाव्या हाताने त्यांचं ते बोट धरलं आणि हळूहळू चाचपलं.

"फट तेवढीच हाय जी," त्या म्हणाल्या. "तुमचं बोट वाळलं."

सरांनी बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. चहा ठेवतो म्हणून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. स्टोव्ह पेटल्याचाही आवाज आला नाही.

मी खाटेजवळच उभा होतो. विमलबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "बोट काय भाऊ, माह्यं करू करू सारा मानूसच वाळला. दिवसभर माह्याकडंच पाह्यत बसतेत. म्हनून धाडलं. म्हटलं, एक दिवस तरी त्याईनं दगडगोट्याची काळजी करावी."